मांडवाखालची केळी

इरा आणि नील,

हे मी दिवाळी अंकासाठी लिहिते आहे, पण खरं तर तुमच्यासाठीच. अंक छापून आला की एक प्रत कॅनडाला पाठवीन. बाबा वाचून दाखवतील. त्यांना एवढंच सांगा की वाचताना प्रत्येक वाक्य इंग्रजीत सोपं करून सांगत बसू नका. अडलं तर मला फोन करा.

आत्ताच का लिहिते आहे, तर इराच्या पोस्टरमुळे. घरातल्या माणसांच्या कामांवर इराने शाळेसाठी पोस्टर केलं. त्यात माझा फोटो होता, शेजारी केळीचं झाड काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘माझी आजी रोपांना उन्हात राहायला शिकवायची.’ बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गाच्या दारावर लावलं. व्हिडिओ कॉलवर इराने मला ते दाखवलं, तेव्हा ‘कुकर लावलाय गं’ म्हणून मी फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता. मला लाज वाटली होती.

ते वाक्य इराचं नाही, माझंच आहे. पाहुण्यांना, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत, माझ्या निरोपसमारंभातसुद्धा मी ते वापरलं आहे. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. असंच दुसरं एक गोड वाक्य माझ्याकडे होतं, त्याने एका मुलीचं वर्ष नेलं. मला क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून आधी काम काय होतं ते सांगते.

रावेरजवळ केळीची एक रोपवाटिका होती, आता ती बंद झाली. मी तिथे नोकरीला होते. आम्ही जळगावला राहत होतो. सकाळी जीप न्यायला यायची. मी धुळ्याची, इंग्रजीतून शिकलेली, वनस्पतीशास्त्रातली एम.एस्सी. माझ्या आईला हे काम कधीच पटलं नाही. ‘इतलं शिकनी नि चिखलमाच जावानं व्हतं का?’ असं ती दर सुट्टीत विचारायची.

आपण खातो त्या केळ्यात बी नसते. पूर्वी शेतकरी झाडाच्या बुडाशी येणारे कंद काढून लावत. मग प्रयोगशाळेतली रोपं आली. एका चांगल्या झाडाच्या कोंबाचा कण घ्यायचा, काचेच्या बाटलीत साखर घातलेल्या जेलीवर ठेवायचा आणि वरून ट्यूबलाइट लावायची. त्यातून हजारो रोपं निघतात, सगळी एकाच झाडाची नक्कल.

बाटलीत वारा नाही, धूळ नाही, कोरडी हवा नाही. त्यामुळे तिथे येणारं पान पातळ असतं. त्याच्यावर मेणाचा थर नसतो. पानाच्या खालच्या बाजूला श्वासाची बारीक छिद्रं असतात, ती मिटायची वेळच त्याच्यावर येत नाही. ती सदा उघडी. असं रोप रावेरच्या उन्हाळ्यात बाटलीतून काढून बाहेर ठेवलंत, तर चहा होईपर्यंत मान टाकतं. म्हणून मधली पायरी लागते, ती माझ्याकडे होती. आधी प्लास्टिकच्या तंबूत धुक्यासारखं पाणी उडवायचं, मग हिरव्या जाळीखाली ठेवायचं, मग ती जाळी हळूहळू कमी करत उघड्यावर आणायचं. याला आम्ही हार्डनिंग म्हणायचो. माझ्या हाताखालच्या बायका ‘हाडनिंग’ म्हणायच्या.

पाहणाऱ्याला वाटतं, रोपाला हळूहळू सवय होते. तसं होत नाही. बाटलीत झालेलं पान शेवटपर्यंत काही शिकत नाही. त्याची छिद्रं उघडीच राहतात, मेण येत नाही आणि काही दिवसांनी ते पिवळं पडून गळतं. तोवर मधून पोंगा वर येतो. पोंगा म्हणजे सुरळी केलेलं नवं पान. ते बाहेरच्या हवेत घडलेलं असतं, म्हणून त्याला बाहेरची हवा सोसते. जे पान अजून झालेलं नाही तेवढंच बदलू शकतं. झालेलं पान भाजलेल्या विटेसारखं, तिची पुन्हा माती करता येत नाही. तर इरा, मी कुणाला काही शिकवत नव्हते. जुनं पान मरेपर्यंत पोंग्याला जिवंत ठेवत होते, बस.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची यायची. खालचं पिवळं पान दाखवून ‘माल खराब आहे’ म्हणणारे तर रोजचेच. एक भाऊ घड बाहेर पडल्यावर खताच्या गोणीच्या गोणी ओतायचे, अजून दोन फण्या याव्यात म्हणून. ‘फण्या किती ते आता पोटातच ठरलं, भाऊ,’ मी म्हणाले.

‘कधी ठरलं?’

‘घड अजून खोडातच होता, तुमचा पंप जळला होता, तेव्हा.’

‘मंग तवाच सांगायचं ना तिले, पंप नीट होनार हाये म्हनून.’

आम्ही हसलो, पण भाऊ बोलले ते बरोबर होतं. झाडाला आजचं कळतं, उद्याचं कळत नाही. आजच्यावरून ते अंदाज करतं आणि त्या अंदाजाचं पान किंवा घड करतं. ते पूर्ण होईपर्यंत हवा पालटलेली असते. मग सगळ्या हवांसाठी तयारी का ठेवत नाही, असं नील विचारील. कारण तयारीलाही अन्न लागतं. घरात बारा महिने छत्री, शेगडी, पंखा आणि गोधडी अंथरून ठेवली तर माणसं बसणार कुठे? आणि सगळी तयारी करूनही एक हद्द असतेच. मे महिन्यात दुपारी केळीचं पान मधल्या शिरेवर दोन्हीकडून खाली मिटतं आणि ऊन चुकवतं. पण त्याहून ऊन वाढलं, की त्याच्याकडे पुढचं काही नसतं.

जामनेरचे एक गृहस्थ आले होते, त्यांना थंडीची रोपं वेगळी आणि उन्हाळ्याची वेगळी हवी होती, शर्टांसारखी. मी सांगितलं की सगळी एकच आहेत, एका झाडाच्या नकला. ते म्हणाले, ‘म्हणजे जे एकाला जमणार नाही ते कोणालाच जमणार नाही?’ इतका नेमका प्रश्न मला कुठल्या परीक्षकानेही विचारला नव्हता. मी विषय बदलला, कारण मला रोपं विकायची होती.

हे सगळं शेतकऱ्यांना सांगायला माझ्याकडे एक हातखंडा उदाहरण होतं. मी म्हणायचे, ‘रोप म्हणजे लग्न झालेली लेक. फार दिवस माहेरच्या सावलीत लाडात ठेवली, तर सासरचं ऊन सोसत नाही. वेळेवर पाठवा.’ पुरुष हसायचे, बायका माना डोलवायच्या. मालक म्हणायचे, ‘मॅडम, आपल्या शास्त्रज्ञांना असं बोलता येत नाही.’ मला त्याचा अभिमान होता. इंग्रजी शिकूनही आपण लोकांच्या भाषेत बोलतो, असं मला वाटायचं.

सातपुड्याकडच्या एका गावात आमचे एक नाना होते. दरवर्षी रोपं नेणारे, हिशेबात चोख, बोलण्यात गरीब. त्यांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणायचं. त्यांची धाकटी मुलगी वैशाली जळगावला वनस्पतीशास्त्र शिकत होती. कॉलेजच्या सहलीबरोबर ती आमच्याकडे आली होती आणि वही न काढता नुसतं बघत उभी राहिली होती. जाताना तिने विचारलं, ‘मॅडम, पोंगा आतच असतो, मग बाहेर काय आहे ते त्याला कुठून कळतं?’ मी म्हणाले, ‘कळत नाही गं. वरच्या पानांकडून जे ऐकू येतं, त्यावर चालतं त्याचं.’ ती म्हणाली, ‘आमच्या घरासारखंच.’

शेवटचं वर्ष पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न शिरपूरला ठरलं. बोलणीत नानांनी एकच गोष्ट लावून धरली होती. लग्नानंतर मांडव परतायला ती माहेरी येईल, तेव्हा महिनाभर राहील आणि परीक्षा देईल. त्या वर्षी परीक्षा पुढे गेल्या होत्या. सासूबाई हो म्हणाल्या होत्या.

नानांनी रोपं लग्नाच्या आधीच नेली. ती उन्हाला तयार झालेली होती, नेऊन लगेच लावायची. पण लग्नाच्या गडबडीत शेतात ठिबकच्या नळ्या टाकायच्या राहिल्या. मग रोपं अंगणात, मांडवाखाली ठेवली. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते, लावून झाली. इकडे लेक मांडव परतायला आल्याशिवाय मांडव उतरवत नाहीत. तिकडे मोठ्या जावेचं बाळंतपण निघालं आणि वैशालीचं येणं लांबलं. नाना म्हणाले असतील मांडव काढू या, पण अक्कांनी काढू दिला नाही. ‘पोर कोन्या मांडवात परतीन मंग?’ म्हणाल्या. वर दुहेरी हिरवी जाळी, खाली रोपं, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यांना तांब्याभर पाणी घालत होती. रोपं इतकी देखणी झाली की गावातली माणसं बघायला यायची.

शेवटी वैशाली आली. सासूबाई स्वतः सोडायला आल्या, त्यांना केळीची बाग बघायची होती. मांडव उतरवला, आणि दुसऱ्या सकाळी नानांनी रोपं शेतात लावली. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘मॅडम, तुमी या. मले काही सुचून न्हई राह्यलं.’

मी गेले. शेतात पानं पांढरी पडली होती, जुन्या कागदासारखी, कडा करपलेल्या. नाना म्हणाले, ‘पानी भरपूर देलं. तहान न्हई तिले. तरी अशी.’

घरी आलो तर अंगणात माणसं जमली होती. नानांची एक म्हातारी चुलती भिंतीला टेकून बसली होती. कोणाकडेही न बघता ती म्हणाली, ‘पोर आली, मांडव उतरला, अन केयी जयली. समजनाराले समजते.’

वैशाली दारात उभी होती. हातात लग्नाचा चुडा तसाच होता. ती स्वतःच्या पावलांकडे बघत होती. तिच्या मागे खाटेवर सासूबाई होत्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

मला राग आला. चांगल्या कामासाठी आलेला राग होता तो, अजूनही मी तसंच म्हणेन. शेतातून मुळासकट काढून आणलेलं एक रोप घेऊन मी सगळ्यांच्या मधे उभी राहिले. पान धरून दाखवलं. हे बघा, हे मांडवात आलेलं पान, केवढं रुंद आणि किती पातळ. सावलीत असंच पान करायला हवं, थोडा उजेड असतो तो गोळा करायला. रोपाचं काही चुकलं नाही. मांडव कायमचा आहे असं त्याला वाटलं. ते पान आता जाड होणार नाही, त्याला माघारी फिरता येत नाही. आणि हे, आत बघा, हा पोंगा, हा जिवंत आहे. यात कुणाच्या पायाचा काय संबंध?

माणसं ऐकत होती, पण चेहरे कोरे होते. तेव्हा मी माझं हातखंडा उदाहरण काढलं. ‘अहो आजी, लेकीसारखंच आहे हे. महिनाभर माहेरच्या सावलीत लाडात ठेवली, आता सासरचं ऊन कसं सोसेल?’

सगळे हसले. चुलतीही हसली. ‘म्हंजे पोरीचा पाय न्हई, मांडवच नडला,’ ती म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी वैशालीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती सासूबाईंकडे बघत होती.

सासूबाई उठून पुढे आल्या. ‘बराबर शे मॅडमनं,’ त्या म्हणाल्या. ‘महिनाभर सावलीमा ऱ्हायनी ते मना घरनं ऊन तिले कसं सोसाई? मी तिले आजच संगे लई जास.’

इकडे व्याह्यांना याही म्हणतात आणि विहिणीला याहीन. नाना म्हणाले, ‘याहीनबाई, परीक्षेचं तं ठरेल व्हतं ना.’

‘ठरेल व्हतं, याही. पन आते इतली शिकेल बाई सांगी ऱ्हायनी. मी अडानी, मी काय बोलू?’

मी म्हणाले, ‘अहो, मी केळीबद्दल बोलत होते.’

‘केळ काय नि पोर काय, वाढावनं एकच शे,’ त्या म्हणाल्या, आणि सगळे पुन्हा हसले. मघाशी माझ्या बाजूने हसले होते तसेच.

त्या वाईट बाई नव्हत्या. सूनबाई घरात हवी होती, घरात बाळंतीण होती, आणि दिलेला शब्द मोडायला त्यांना कारण सापडत नव्हतं. ते मी हातात दिलं. तेही सर्वांसमोर, हसत. नंतर नळावर मी हाताची माती धूत होते, तेव्हा वैशालीने टॉवेल आणून दिला. ‘मॅडम, मी रोप आहे का हो?’ तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. वर्गात शंका विचारावी तसं विचारलं. मी ‘नाही गं’ म्हणाले, आणि टॉवेल तिला परत दिला. बाहेर मेळाव्यात तासभर बोलणारी मी.

संध्याकाळच्या एस.टी.ने ती गेली. पुस्तकं राहिली.

रोपांचं मी बघितलं. मांडवाचीच जाळी कापून तिच्या पट्ट्या केल्या, काड्या रोवून सरीवर धरल्या. करपलेलं एकही पान तोडू दिलं नाही, पाणी बेताचं ठेवलं. काही दिवसांनी पोंगे सुटले. आलेली पानं लहान, जाड, गडद. बरीचशी बाग वाचली. नाना फोनवर म्हणाले, ‘मॅडम, तुमी व्हत्या म्हनून केयी वाचली.’ पोरीविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, तर मला सोपं गेलं असतं.

मी शिरपूरला गेले. परीक्षेला अजून वेळ होता. धुळ्याला भावाकडे आले होते, सहज डोकावले, असं सांगितलं. सासूबाईंनी कळण्याची भाकरी आणि भरीत करून जेवायला घातलं. शेजारणींना बोलावलं. ‘ह्याच त्या मॅडम,’ म्हणाल्या. माझं वाक्य तोपर्यंत त्या गल्लीत फिरून आलं होतं. एक शेजारीण म्हणाली की तिने तिच्या सुनेलाही तेच सांगितलं, दिवाळीला चारच दिवस माहेरी राहा.

मी समजावायला लागले. म्हणाले, ‘अहो, झालेलं पान बदलत नाही, पण पोंगा असतो ना. माणसाला रोज नवं पान येतं. तिला परीक्षा देऊ द्या.’

सासूबाई खळखळून हसल्या. ‘मंग ते नवं पान आम्हना घर येवा द्या, मॅडम. माहेरले कसाले?’

उदाहरणासारखी जुळवून घेणारी वस्तू जगात नाही. ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरचं होतं. वैशाली वाढत होती. माझ्या ताटात भरीत घालताना ती म्हणाली, ‘राहू द्या, मॅडम.’ मला वाटतं, ती भरिताविषयी बोलत नव्हती. मी जेवले. नको म्हणायचं धाडससुद्धा झालं नाही. ती परीक्षा गेली.

यानंतर ते उदाहरण मी मेळाव्यांत दिलं नाही. पण गोड वाक्यावाचून राहवलं नाही, म्हणून ‘रोपांना उन्हात राहायला शिकवते’ हे वाक्य धरलं. त्यात लेक नव्हती, सासर नव्हतं. वाटलं, हे कुणाला लागणार नाही. आता ते तुझ्या वर्गाच्या दारावर आहे, इरा. तुझ्या वर्गात एखादी मुलगी असेल, नुकतीच दुसऱ्या देशातून आलेली, थंडीत कुडकुडणारी. तिला कोणी म्हणेल, आजी बघ रोपांना शिकवते, मग तुला का जमत नाही? म्हणून मी फोन ठेवला.

तुम्ही मे महिन्यात येतो म्हणता. डिसेंबरात या. तुम्ही लाडावलेले आहात म्हणून नाही. घामाच्या ग्रंथींपैकी किती कामाला लागणार, ते बाळपणी पहिल्या काही वर्षांतल्या हवेवर बरंचसं ठरतं, असं मी वाचलं आहे. तुमची ती वर्षं बर्फात गेली. थोडीफार सवय होईल, सगळी होणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. बाबा ‘मी तर उन्हात क्रिकेट खेळायचो’ म्हणतील. त्यांचं ऐकू नका, ते जळगावात रांगले होते. हे उदाहरण नाही, शरीराची गोष्ट आहे. दोन्हींतला फरक मला उशिरा कळला, म्हणून सांगून ठेवते.

इरा, बाईंना सांगून ते वाक्य बदलशील का? ‘माझी आजी केळीच्या रोपांची नवी पानं येईपर्यंत काळजी घ्यायची’ असं लिही. गोड नाही वाटणार. चालेल.

नाना आता नाहीत. वैशालीने पदवी पुढेही घेतली नाही. शिरपूरला ती शेजारच्या मुलांना घरी विज्ञान शिकवते; तिच्या सासूबाई त्या मुलांना पाणी देतात. गेल्या वर्षी मी अक्कांना भेटायला गेले होते. मांडवाच्या जाळीचा एक तुकडा गोठ्याच्या खिडकीला बांधलेला आहे. वैशालीची पुस्तकं आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत आहेत. अक्का दर उन्हाळ्यात ती काढून झटकतात. आणि विहिरीजवळ त्या रोपांच्या कंदांतून आलेलं केळीचं एक बेट अजून उभं आहे.